पाहुण्यांना बसवायचे कुठे?

शनिवारची रात्र. जेवणे आटोपलेली असतात, आई भांडी आवरत असते आणि घरातली पोरे टीव्हीसमोर, नाहीतर एकाच मोबाईलभोवती डोकी जुळवून बसलेली असतात. इंग्लंडमध्ये तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. आपल्याकडे उन्हाळी-हिवाळी घड्याळाप्रमाणे साडेसात किंवा साडेआठ. सामना सुरू होतो. सारे मैदान लाल रंगाने भरलेले, आणि कुठेतरी एका कोपऱ्यात निळ्या सदऱ्यांचा एक ठिपका. पाहुण्या संघाने गोल केला की सारे मैदान चिडीचूप होते आणि तो एक ठिपका तेवढा उसळतो. "ते लोक तिकडे वेगळे का बसलेत?" असे लहान मुलाने विचारले, तर मोठ्यांना नेमके उत्तर देता येत नाही.

वाचकहो, प्रश्न वाटतो तितका लहान नाही. आपल्या दारी आलेल्याला कुठे बसवायचे, आत की ओसरीवर की अंगणात, यावरून घरमालक त्याला काय समजतो ते कळते. आपल्या आजोबा-पणजोबांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. फुटबॉलच्या मैदानावरही तसेच आहे. पाहुण्या प्रेक्षकाला दिलेली जागा, त्याच्यासमोर उभारलेले कुंपण आणि त्याच्याशी बोलणाऱ्या पोलिसाचा सूर, या तीन गोष्टींमागे माणसांचे जीव गेलेले आहेत. शंभराच्या आसपास जीव एकाच दुपारी गेले, आणि मेलेल्यांवरच ठपका ठेवला गेला. ती हकीकत पुढे येईलच. आधी ही व्यवस्था कशी चालते ते पाहू.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये यजमान क्लबने पाहुण्यांना तीन हजार जागा द्याव्यात असा नियम आहे. मैदान लहान असेल तर एकूण जागांच्या दहा टक्के. ही तिकिटे पाहुण्या क्लबमार्फत त्याच्याच माणसांना विकली जातात. मागच्या हंगामात दूरदूरच्या सामन्यांना जो अधिक वेळा गेला, त्याचा नंबर आधी लागतो. मैदानावर त्यांचे फाटक वेगळे, मुतारी वेगळी, चहा-वड्याच्या दुकानासारखे त्यांचे खाण्याचे दुकानही वेगळे. यजमानांच्या आणि पाहुण्यांच्या जागांमध्ये काही रांगा मोकळ्या सोडतात, त्यावर जाळीचे कापड ताणतात आणि पिवळ्या-केशरी जाकिटातले पगारी स्वयंसेवक तिथे उभे करतात. कधीकधी सामना संपल्यावर यजमानांची गर्दी पांगेपर्यंत पाहुण्यांना आतच थांबवून ठेवतात.

जागा कुठली द्यायची, हे यजमानाच्या मर्जीवर. न्यूकॅसलच्या मैदानावर पाहुण्यांना सातव्या मजल्यावर, अगदी छपराखाली बसवण्याची पद्धत पडली. चौदा जिने चढायचे आणि वरून खेळाडू मुंग्यांएवढे दिसायचे! ल्यूटन गावच्या मैदानात पाहुण्यांचे दार राहत्या घरांच्या ओळीतून काढलेले आहे. दोन घरांच्या मधून आत शिरायचे, जिना चढायचा, आणि लोकांच्या मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे बघत मैदानात उतरायचे. आपल्या चाळींतून वाट काढणाऱ्याला त्याचे नवल वाटणार नाही. प्रीमियर लीगचे पैसेवाले क्लब तिथे आले तेव्हा साऱ्या इंग्लंडने मात्र त्याची चर्चा केली. लंडनच्या फुलहॅम क्लबने याच्या अगदी उलट केले. त्यांनी एक भाग 'तटस्थ' ठेवला, जिथे दोन्हीकडचे लोक शेजारी शेजारी बसत. तिथे दंगे माजल्याचे ऐकिवात नाही.

मग सगळीकडे तसे का नाही? त्याला कारण आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९७० आणि १९८० च्या दशकांत इंग्लंडमधल्या फुटबॉल प्रेक्षकांच्या काही टोळ्यांनी खरोखरच धुमाकूळ घातला होता. रेल्वेचे डबे फोडणे, परगावच्या बाजारपेठेत मारामाऱ्या करणे, समोरच्या गटावर नाणी आणि बाटल्या फेकणे हे नेहमीचे झाले होते. १३ मार्च १९८५ रोजी ल्यूटनच्या मैदानावर मिलवॉल क्लबबरोबर आलेल्या लोकांनी खुर्च्या उपटून फेकल्या, मैदानात घुसून पोलिसांवर हल्ला केला. साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहिले.

त्याच वर्षी २९ मे रोजी बेल्जियममधल्या ब्रुसेल्स शहरात, हेझेल मैदानावर युरोपचा अंतिम सामना होता. लिव्हरपूल विरुद्ध इटलीचा युव्हेंटस. लिव्हरपूलच्या लोकांशेजारचा एक भाग तटस्थ बेल्जियन प्रेक्षकांसाठी ठेवला होता, पण त्याची तिकिटे हातोहात इटालियन लोकांकडे गेली. मध्ये होती ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी पातळ जाळी. लिव्हरपूलचे लोक ती तोडून पलीकडे धावले. इटालियन कुटुंबे भिंतीकडे रेटली गेली, भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली. त्यातले ३२ इटालियन होते. एवढे होऊनही सामना खेळवला गेला आणि युव्हेंटसने तो १-० असा जिंकला. पुढे लिव्हरपूलचे १४ जण मनुष्यवधाच्या आरोपाखाली दोषी ठरले. इंग्लंडच्या क्लबांना युरोपात पाच वर्षे बंदी झाली, लिव्हरपूलला सहा.

तेव्हा पाठीराखे म्हणजे गरीब बिचारी कोकरे, असे चित्र रंगवण्याचा इथे हेतू नाही. हेझेलला गुन्हा घडला आणि तो माणसांनी केला. पण तोडकी जाळी आणि जीर्ण भिंत असलेले मैदान अंतिम सामन्यासाठी निवडणाऱ्यांनाही त्यातून सुटता येत नाही.

आता सरकारने आणि क्लबमालकांनी काय उपाय काढला ते पाहा. ल्यूटनने पाहुण्यांना सरळ दारच बंद केले. १९८६ पासून चार हंगाम परगावच्या एकाही पाठीराख्याला आत घेतले नाही. ओळखपत्र असलेला गावचा सभासद तेवढा आत. पाहुण्यांना जागा देण्यास नकार दिला म्हणून ल्यूटनला १९८६-८७ च्या लीग कप स्पर्धेतून काढून टाकण्यात आले, तरी क्लब बधला नाही. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना ही कल्पना फार आवडली. देशातल्या प्रत्येक फुटबॉल प्रेक्षकाला ओळखपत्र घ्यायला लावायचे, असा कायदाही १९८९ मध्ये झाला. लंडनच्या चेल्सी क्लबचे मालक केन बेट्स तर आणखी पुढे गेले. ते गाईगुरे पाळणारे गृहस्थ. १९८५ मध्ये त्यांनी मैदानाभोवती विजेच्या तारेचे कुंपण घातले, गुरे शेताबाहेर जाऊ नयेत म्हणून घालतात तसलेच! लंडनच्या महानगर परिषदेने ते चालू करायला परवानगी दिली नाही, म्हणून ते कुंपण वीज न खेळताच निघाले.

आणि वर्तमानपत्रे? १९८५ च्या मे महिन्यात 'संडे टाइम्स' या प्रतिष्ठित पत्राने अग्रलेखात लिहिले की, हा झोपडपट्टीतला खेळ असून तो झोपडपट्टीसारख्या मैदानांवर खेळला जातो आणि झोपडपट्टीतलीच माणसे तो पाहतात. हे कधी लिहिले? ब्रॅडफर्ड शहराच्या मैदानावर लाकडी गॅलरीला आग लागून ५६ माणसे जळून गेल्याला जेमतेम आठवडा उलटला होता, तेव्हा. त्या ५६ मध्ये दोघे पाहुण्या लिंकन संघाचे पाठीराखे होते. आणि त्या आगीतून शेकडो लोक वाचले, ते एकाच कारणामुळे: त्या गॅलरीसमोर लोखंडी कुंपण नव्हते. मागची दारे बंद होती, तरी लोकांना पुढे मैदानात उड्या मारता आल्या. यापासून शिकायचे ते कोणी शिकले नाही. कुंपणे उभीच राहिली.

कोंडवाडा

त्या काळी गोलखांबांमागे खुर्च्या नसत. सिमेंटच्या रुंद पायऱ्या असत आणि कामगार माणूस स्वस्तातले तिकीट काढून तिथे उभा राहून सामना बघे. पायऱ्यांच्या पुढे उंच लोखंडी जाळी, आणि त्या पायऱ्यांचेही जाळ्या घालून उभे कप्पे पाडलेले. या कप्प्यांना इंग्रजीत 'पेन' म्हणत. मेंढ्या कोंडतात त्या वाड्याला तिकडे हाच शब्द आहे. आपण त्याला कोंडवाडा म्हणू.

१५ एप्रिल १९८९, शनिवार. एफ.ए. कपचा उपान्त्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. मैदान तिसऱ्याच गावचे, शेफील्डचे हिल्सबरो. म्हणजे दोन्हीकडचे लोक पाहुणेच. दोन्ही जमावांची रस्त्यात गाठ पडू नये म्हणून पोलिसांनी येण्याच्या दिशेवरून जागा वाटल्या. त्यामुळे झाले असे की, लिव्हरपूलचा पाठीराखा संख्येने जास्त असूनही त्यांना लेपिंग्ज लेन नावाची लहान बाजू मिळाली. लिव्हरपूलच्या चोवीस हजारांवर लोकांसाठी २३ फिरती फाटके होती, तर फॉरेस्टच्या जवळपास तीस हजारांसाठी ६०. त्यातही उभ्याच्या तिकिटांचे १०,१०० लोक फक्त सात फाटकांतून आत जायचे होते. सात फाटके आणि दहा हजार माणसे! शाळेतल्या मुलालाही हे गणित सुटत नाही असे दिसले असते.

आठ वर्षांपूर्वी, १९८१ च्या उपान्त्य सामन्यात, याच बाजूला चेंगराचेंगरी होऊन ३८ माणसे जखमी झाली होती. त्यानंतर कप्पे पाडणाऱ्या जाळ्या आणखी वाढल्या होत्या. बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफील्ड यांना त्या पदावर येऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

पावणेतीन वाजता फाटकांबाहेर अशी गर्दी झाली की तिथेच माणसे गुदमरू लागली. २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी बाहेर पडायचा एक मोठा दरवाजा उघडला. लोक आत आले. समोर एक उताराचा बोगदा, वर पाटी 'उभे प्रेक्षक'. साहजिकच सारे त्यात शिरले. तो बोगदा मधल्या दोन कोंडवाड्यांत उघडत होता आणि ते आधीच भरलेले होते. बाजूचे कोंडवाडे मोकळे होते, तिकडे जा असे सांगायला कोणी नव्हते. मागच्या वर्षी याच मैदानावर पोलिसांनी तो बोगदा वेळीच बंद केला होता. या वर्षी कोणाला आठवले नाही. मधल्या दोन कप्प्यांची अधिकृत मर्यादा २,२०० होती. आत तीन हजारांवर माणसे झाली. मागून येणाऱ्याला पुढचे दिसत नव्हते आणि पुढच्याला मागे सरता येत नव्हते. जाळीशी दाबले गेलेले लोक पोलिसांना हाका मारत होते, दार उघडा म्हणून विनवत होते. काही जण जाळीवर चढले. पोलिसांना वाटले, हे मैदानात घुसून दंगा करणार. जो आधीच दंगेखोर ठरवला गेला आहे, त्याची किंकाळीसुद्धा दंग्याची आरोळी वाटते.

३ वाजून ६ मिनिटांनी पंचांनी खेळ थांबवला. त्यानंतरही कितीतरी पोलीस मैदानाच्या मध्ये रांग करून उभे होते, दोन गट एकमेकांवर धावून जाऊ नयेत म्हणून. धावायला उरले होते कोण? लिव्हरपूलच्या पोरांनी जाहिरातींचे फलक उखडले, त्यांची स्ट्रेचर केली आणि आपल्या माणसांना उचलून पळत पलीकडे नेले. मैदानाबाहेर ४४ रुग्णवाहिका येऊन थांबल्या होत्या, पण आत मोजक्याच पोहोचल्या. मृतांची संख्या ९५ झाली. त्या दुपारी बेशुद्ध झालेला एक तरुण १९९३ मध्ये गेला, आणि तेव्हाच्याच दुखापतींनी २०२१ मध्ये आणखी एक जण गेला. एकूण ९७. त्यात सात स्त्रिया आणि मुली होत्या. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा. लिव्हरपूलचा पुढे नामांकित कर्णधार झालेल्या स्टीव्हन जेरार्डचा तो नात्याने भाऊ.

आणि मग खोटेपणा सुरू झाला. लोक मरत असतानाच डकनफील्ड यांनी फुटबॉल संघटनेच्या अधिकाऱ्यांना सांगितले की, लिव्हरपूलच्या लोकांनी दरवाजा फोडला. दरवाजा त्यांच्याच हुकमाने उघडला होता. मृतांच्या, अगदी त्या दहा वर्षांच्या लेकराच्याही, रक्तात दारू आहे का हे तपासायला लावले गेले. 'द सन' या खपाच्या वर्तमानपत्राने चार दिवसांनी पहिल्या पानावर 'सत्य' असे मोठे शीर्षक देऊन छापले की, लिव्हरपूलकरांनी मेलेल्यांचे खिसे कापले आणि मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली. लिव्हरपूल शहराने त्या पत्रावर बहिष्कार टाकला, तो आजवर उठलेला नाही. पेपर घेणारा नाही म्हणून विकणारा नाही. पत्राने पुढे माफी मागितली, तीही पुरी २०१२ मध्ये.

एक आई

न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वच्छ सांगितले होते की मुख्य कारण पोलिसांचे नियंत्रण सुटणे हे होते. पण मृत्यूच्या न्यायालयीन चौकशीत मार्च १९९१ मध्ये निकाल लागला 'अपघाती मृत्यू'. तिथे कोरोनरने ठरवून टाकले होते की सव्वातीननंतर काय झाले याचा पुरावा ऐकायचा नाही, कारण तोपर्यंत सगळ्यांचा जीव वाचण्यापलीकडे गेला होता.

अ‍ॅन विल्यम्स या माउलीला हे पटले नाही. तिचा मुलगा केविन पंधरा वर्षांचा होता. एका मानसेवी महिला पोलिसाने सांगितले होते की, चार वाजण्याच्या सुमारास केविन तिच्या हातांत होता आणि 'आई' म्हणून गेला. नंतर आपल्यावर दबाव आणून जबानी बदलायला लावली, असेही तिने सांगितले. चार वाजता हाक मारणारा मुलगा सव्वातीनला संपला कसा? अ‍ॅनबाईंनी या एका प्रश्नाचा पिच्छा सोडला नाही. ना त्या वकील, ना पुढारी. कागदपत्रे गोळा केली, डॉक्टर गाठले, साक्षीदार शोधले. सरकारच्या महान्यायवाद्यांनी तीनदा अर्ज फेटाळला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये उशीर झाला म्हणून परत पाठवले. 'अपघाती' असे लिहिलेला मुलाचा मृत्यूदाखला त्यांनी घेतलाच नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने जुने दप्तर उघडे केले. पोलिसांच्या १६४ जबान्यांमध्ये फेरफार झाला होता. वेळेवर उपचार मिळते तर ४१ जण वाचण्याची शक्यता होती. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने जुना निकाल रद्द केला. अ‍ॅनबाईंना तोवर कर्करोगाने ग्रासले होते. १५ एप्रिल २०१३ च्या स्मृतिसभेला त्या चाकाच्या खुर्चीतून आल्या आणि तीन दिवसांनी गेल्या. नवी चौकशी दोन वर्षांवर चालली. २०१५ मध्ये साक्ष देताना डकनफील्ड यांनी दरवाजाबद्दल खोटे बोलल्याचे कबूल केले. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्युरीने निकाल दिला की हे मृत्यू बेकायदा कृत्याने घडले, आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात काही वाटा नव्हता. सत्तावीस वर्षे लागली. पुढे डकनफील्ड यांच्यावर खटला चालला, त्यात ते २०१९ मध्ये निर्दोष सुटले. सरकारी अधिकाऱ्यांनी चौकशीत खरेच बोलले पाहिजे असे बंधन घालणारे विधेयक ब्रिटिश संसदेत मांडले गेले ते सप्टेंबर २०२५ मध्ये.

टेलर यांनी १९९० च्या अंतिम अहवालात ओळखपत्रांची योजना नको म्हणून सांगितले, ती बारगळली. कुंपणे निघाली. वरच्या दोन विभागांच्या मैदानांत १९९४ पासून सर्वांना खुर्च्या सक्तीच्या झाल्या. बायका-मुले मैदानावर अधिक दिसू लागली, ही चांगलीच गोष्ट. पण खुर्चीबरोबर तिकीटही चढत गेले आणि ज्या कामगाराच्या जिवासाठी हे सारे केले, तोच हळूहळू बाहेर राहिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने ७७ पौंडांचे तिकीट काढायचे ठरवले, तेव्हा ७७ व्या मिनिटाला हजारो लोक मैदान सोडून चालते झाले. क्लबने माघार घेतली. त्याच वर्षी पाहुण्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घालण्यात आली. संघटित होऊन मागितल्याशिवाय कोणी काही देत नाही, हे तिथेही खरे. उभे राहून पाहण्याची मुभा २०२२ पासून परत मिळाली आहे, पण आता प्रत्येक रांगेपुढे कमरेएवढा लोखंडी कठडा असतो, त्यामुळे रेटा पुढे जात नाही.

वागणुकीचा आणखी एक भाग आहे, तो टाळून चालणार नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस वेस्ट ब्रॉमविच संघात सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम आणि ब्रेंडन बॅटसन हे तीन काळे खेळाडू होते. परगावी गेले की गॅलरीतून हजारो माणसे माकडाचे आवाज काढत, केळी फेकत. १९८८ मध्ये लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सवरही केळे फेकले गेले. त्याने ते टाचेने बाजूला सारले, तो फोटो जगभर गेला. जातीवरून शिवी ऐकलेल्या माणसाला त्या केळ्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. अशा एकत्रित घोषणा देणे हा इंग्लंडमध्ये गुन्हा ठरला तो १९९१ च्या कायद्याने. म्हणजे प्रेक्षकांना जनावरे म्हणणारे वर होते, आणि त्याच प्रेक्षकांतले काही जण खेळाडूला जनावर म्हणत होते. ही उतरंड इंग्लंडातही होती.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर कलकत्त्याचे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. एकाच गॅलरीत दोन्हीकडचे लोक मिसळलेले. मैदानावर दोन खेळाडूंची बाचाबाची झाली, दोघांना बाहेर काढले, आणि गॅलरीत दगडफेक व पळापळ होऊन १६ जण मेले. त्या तारखेला तिथे अजूनही रक्तदान शिबिरे होतात. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठांची ईर्ष्या किती टोकाला जाते, ते तिथल्या वाचकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणजे वेगळे बसवणे सर्वत्र चुकीचे, असेही म्हणता येत नाही. अर्जेंटिनात तर २०१३ मध्ये एका पाहुण्या पाठीराख्याच्या मृत्यूनंतर वरच्या विभागात पाहुण्यांना कित्येक वर्षे मैदानबंदीच होती.

पण पाहुणा नीट वागू शकतो, आणि यजमानही. जपानचे पाठीराखे १९९८ च्या फ्रान्समधल्या विश्वचषकापासून सामना संपल्यावर पिशव्या काढून आपल्या रांगा झाडून घेतात. २०१८ मध्ये रशियात जपान दोन गोलांची आघाडी घालवून बेल्जियमकडून ३-२ असा हरला. लोक रडत होते आणि रडत रडत कचरा वेचत होते. त्यांच्या शाळांत वर्ग मुलांनीच झाडायचा असतो, त्यामुळे त्यांना यात विशेष वाटत नाही. तुर्कस्तानात फेनरबाहचे क्लबला दंग्याबद्दल शिक्षा झाली, तेव्हा २० सप्टेंबर २०११ च्या सामन्याला फक्त स्त्रिया आणि बारा वर्षांखालची मुले यांना प्रवेश दिला. चाळीस हजारांवर आल्या. एरवी जिथे पाहुण्या संघाला शिट्ट्या आणि शिव्या मिळत, तिथे त्या दिवशी टाळ्या मिळाल्या.

एवढे सारे होऊन शिकले किती, ते २८ मे २०२२ ला पॅरिसमध्ये दिसले. युरोपचा अंतिम सामना, पुन्हा लिव्हरपूल आणि पुन्हा परके मैदान. फाटकांबाहेर हजारो लोक अडवले गेले, पोलिसांनी मुलाबाळांवर आणि अपंगांवर अश्रुधूर सोडला, सामना ३६ मिनिटे उशिरा सुरू झाला. आत फलकावर काय झळकले? 'प्रेक्षक उशिरा आल्यामुळे विलंब'! लोक तर कितीतरी वेळ आधीपासून रांगेत उभे होते. फ्रान्सच्या मंत्र्यांनी खोट्या तिकिटांचे कारण पुढे केले. फेब्रुवारी २०२३ च्या स्वतंत्र अहवालाने मुख्य जबाबदारी युरोपच्या फुटबॉल संघटनेवर टाकली आणि लिव्हरपूलच्या लोकांनी त्या गर्दीत संयम राखला म्हणून आणखी अनर्थ टळला, असे नमूद केले. त्यांच्यात हिल्सबरो पाहिलेले लोक होते. पुढे रेटा आला की मागे ओरडून सांगायचे, थांबा, ढकलू नका, हे ते विसरले नव्हते.

हिल्सबरोचे मैदान आजही आहे आणि पाहुण्यांना तिथे आजही लेपिंग्ज लेनच्याच बाजूला बसवतात. जानेवारी २०२३ मध्ये न्यूकॅसलचे लोक तिथे सामन्याला गेले. आत चेंगरल्यासारखे झाले, कोणत्या वाटेने जायचे ते सांगायला कोणी नव्हते, अशा तक्रारी घेऊन ते परतले. त्यानंतर त्या बाजूच्या प्रेक्षकांची संख्या घटवण्यात आली.